ग्लावर म्हणजे थोरली जाऊ

पेडण्याच्या एका हायस्कुलात मी दहावीला इंग्रजी शिकवते. दर वर्षी एका धड्यात तोच शब्द येतो आणि दर वर्षी मुलं तेच विचारतात. ग्लावर म्हणजे काय हो टीचर? गाइडात लिहिलेलं असतं, 'रागाने पाहणे'. मुलं ते उतरवून घेतात आणि मोकळी होतात. मी मात्र दर वर्षी तिथं अडते. रागाने काय, मी शिळा पाव देणाऱ्या पोदेराकडेही पाहते, थांब्यावर न थांबता निघून जाणाऱ्या बसकडेही पाहते. ते ग्लावर नव्हे. ग्लावर म्हणजे माझी थोरली जाऊ. पण हे वर्गात सांगता येत नाही, कारण तिच्या माहेरची एक मुलगी दुसऱ्याच बाकावर बसते आणि घरी जाऊन सगळं सांगते.

मराठीत अशा बघण्याला शब्द कमी नाहीत. पण एकही तिला बसत नाही. डोळे वटारणं हे पोरांसाठी, ते क्षणात होतं आणि संपतं. जळजळीत कटाक्ष टाकणारी बाई तो टाकून निघून तरी जाते. खाऊ की गिळू अशा नजरेला निदान भूक असते. आमच्या थोरल्या बाईंचं तसं नाही. ती हनुवटी खाली घेते, भुवयांच्या खालून बुबुळं वर आणते आणि तशीच ठेवते. हात चालूच असतात. विळीवर नारळ खवत, तांदूळ निवडत, वाल सोलत ती बघत राहते. तिच्या स्वयंपाकघराचं जनेल माझ्या अंगणावर उघडतं. घरं दोन, अंगण एक. मी शाळेत जायला स्कूटर बाहेर काढते तेव्हा ती जनेलात असते आणि परत येऊन स्कूटर लावते तेव्हाही असते. मधल्या वेळात ती काय करते मला ठाऊक नाही, जेवत असावी.

मी नवी शिक्षिका असताना एक जाडजूड शब्दकोश विकत घेतला होता. स्टाफरूममध्ये तो माझ्याशिवाय कोणी उघडत नाही, फार तर त्याच्यावर डबा ठेवतात. एकदा ऑफ पिरियडला मी ग्लावर काढून बघितला. हा शब्द म्हणे उत्तरेकडचा, स्कॉटलंडच्या बाजूचा. मुळात त्याचा अर्थ बहुधा चमकणं, लकाकणं असा होता. मग डोळे मोठे करून टक लावून बघणं, आणि राग त्यात आला शेवटी. हा शब्द आला कुठून याबद्दल कोशवाल्यांचंही एकमत नाही. त्याच्या जवळचा दुसरा शब्द ग्लेअर, तोही आधी नुसता चमकायचा, काचेच्या शब्दाच्या नात्यातला. आणि साधं टक लावून बघायचा जो शब्द आहे, स्टेअर, त्याच्या मुळाशी ताठरपणा आहे. म्हणजे बघणारा माणूस ताठला, एवढंच. राग कोणत्याच शब्दात सुरुवातीला नव्हता. हे वाचून मला बरं वाटायला हवं होतं, पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग मागाहून आला म्हणे. मागाहून कोणी आणला, हे त्या एवढ्या जाड पुस्तकात नव्हतं.

आमच्या घरात तो कोणी आणला, मी सांगू शकते. मी लग्न होऊन इब्रामपूरच्या बाजूच्या या गावात आले तेव्हा माझ्याबरोबर पुस्तकांच्या दोन बॅगा होत्या. थोरल्या जावेनं त्या उघडल्या, आत भांडी नाहीत, साड्या नाहीत, नुसती पुस्तकं, आणि ती डोळे मोठे करून माझ्याकडे बघत राहिली. त्या बघण्यात राग नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं की ही कसली बाई आणली. पहिलं वर्ष आमचं बरं गेलं. तिला दोन मुलगे, मला मुलगी झाली. नवरा मुरगाव बंदरात क्रेनवर, आठवड्यातून एकदा घरी यायचा. मला शाळा. मुलगी दिवसभर थोरल्या जावेकडे राहायची, तिच्याकडे जेवायची, तिच्याकडे झोपायची. ती मुलीच्या डोक्याला खोबरेल थापून दोन घट्ट वेण्या घालायची, लाल रिबिनी लावून. मी दुपारी घरी आले की त्या सोडायचे आणि माझ्या पद्धतीची एक सैल वेणी घालायचे. रोज. अंगणात बसून. माझ्या मुलीची वेणी मी नाही घालायची तर कोणी घालायची? जाऊ जनेलातून बघायची. त्याच सुमारास तिची हनुवटी खाली गेली, ती कित्येक वर्षं वर आलीच नाही.

मीही काही कमी नाही. वर्गात पंचेचाळीस पोरं नुसत्या डोळ्यांनी गप्प करणारी बाई मी. ती जनेलातून बघायची, मी बलकावातून, दारापुढच्या बाकावरून, बघायचे. शब्द आमच्यात कमीच. 'वैनी, पाणी आलं का?' 'इलां.' एवढंच. भांडण कधी झालं नाही, त्यामुळे ते मिटवायलाही कोणाला जागा मिळाली नाही. नवरा शनिवारी यायचा, दोन्ही घरी चहा प्यायचा आणि म्हणायचा, 'तुमी दोगांय एकदां भांडा गो, माका बरां वाटात.'

मग तो गेला. बंदरातच, कामावर असताना, छातीत कळ येऊन. त्यानंतरचं बघणं वेगळं होतं. आधी ती माझ्या चेहऱ्याकडे बघायची. आता ती माझ्या कपाळाकडे बघू लागली. मी टिकली काढली नव्हती. बांगड्या काढल्या, कारण मला त्या आवडायच्या नाहीतच, पण टिकली ठेवली. हळदीकुंकवाला मला बोलावणं येईनासं झालं. अंगणात बायका जमायच्या, माझ्याच दारावरून जायच्या आणि कोणाच्या तरी डोक्यावरून माझ्याकडे बघायच्या. मला त्या सगळ्यांचा संताप यायचा, अजून येतो. त्यांच्यापैकी अर्ध्याजणींच्या मुलांना मी पास केलं आहे.

मुलगी मोठी झाली, पणजीला नोकरीला लागली, तिनंच मुलगा पसंत केला. डिचोलीचं घर, शेतीवाडी, दुकान, माणसं चांगली. लग्न ठरलं आणि त्याच आठवड्यात थोरल्या दिरांनी मला त्यांच्या सोप्यावर बोलावलं. गेले, तर भटजी आधीच बसलेले. दीर घसा खाकरून म्हणाले, 'कन्यादान आमी दोगांय करतलों. चेडवाचो बापूस नाय, तेंचां काम ह्यां आमचां.'

आमच्याकडची रीतच ती. बाप नसेल तर काका-काकी पाटावर बसतात, मुलीच्या हातावर पाणी सोडतात. विधवा आई आत कुठेतरी असते, भांड्यांपाशी, नाहीतर रडत. जावेला तर हे हवंच होतं. तिला मुलगी नाही. मुलीचं दान करायचं पुण्य तिला याच एका पोरीकडून मिळणार होतं, आणि त्याची ती किती वर्षं वाट बघत होती, हे मला ठाऊक होतं. ते मला ठाऊक होतं म्हणूनच मी जास्त मोठ्यानं बोलले.

'मी बसणार,' मी म्हटलं. 'एकटी.'

जाऊ आतल्या दारात उभी होती. तिनं हनुवटी खाली घेतली. मला वाटलं, बघ, हवं तेवढं बघ.

भटजी सभ्य माणूस. ते म्हणाले, 'तसं अलीकडे कुठे कुठे करतात. पण तुमच्या घरात आजवर झालेलं नाही. देवीची आज्ञा असेल तर मी नाही म्हणणार नाही.' दिरांना ते लगेच पटलं. आमच्या घरात विहीर खणायची तरी देवीला कौल लावतात. गुरव देवीच्या अंगावर ओल्या फुलांच्या पाकळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो, आणि मग सगळे बघत बसतात. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. माझा त्यावर काडीचा विश्वास नाही. पण मी तिथल्या तिथं हो म्हटलं. त्या सोप्यावर माझ्या बाजूनं एकही माणूस नव्हतं, पाकळीपाशी निदान निम्मी आशा होती.

सोमवारी सकाळी आम्ही देवळात गेलो. दीर, जाऊ, मी. गुरवानं पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं. 'गे आई, ह्या लेकरान तुज्या पायांकडे इचारणा केलेली आसा. बापूस नसलेल्या चेडवाचां कन्यादान आवशीन एकटेन करूचां म्हणता. तुजी मर्जी आसात तर उजवो दी, नसात तर डावो दी. कोणाच्या मनात काय वाकडां आसात तर तां सरळ कर.' बाहेर काजूच्या बागेत कोणीतरी पाला झाडत होतं तेवढाच आवाज. मी देवीकडे बघत होते आणि जाऊ माझ्याकडे. देवीकडे तिनं एकदाही बघितलं नाही. मला तेव्हा वाटलं की ही बाई आता पाकळीऐवजी मलाच पाडणार. चांगला अर्धा तास गेला. गुरवानं पुन्हा गाऱ्हाणं घातलं. आणि उजवीकडची पाकळी सुटली, देवीच्या खांद्यावरून घसरली आणि खाली पडली.

मी जिंकले. खोटं कशाला सांगू, मला इतका आनंद झाला की मी विश्वास नसलेल्या देवीला साष्टांग नमस्कार घातला. दिरांनी हात जोडले. 'आता आईन सांगलां म्हणजे सांगलां,' ते म्हणाले, आणि तो विषय त्यांच्यापुरता संपला. पुरुषांचं हे एक बरं असतं. जाऊ परत येताना गाडीत माझ्या शेजारी बसली होती. तिनं खिडकीबाहेर बघितलं नाही, समोर बघितलं नाही. घरी येईपर्यंत माझ्या गालाची एक बाजू तापलेली होती.

पुढचे दिवस मी कसे काढले ते मला विचारू नका. बातमी बसमधून म्हापशापर्यंत गेली. मासे घ्यायला गेले की विकणारी हात थांबवून बघायची. स्टाफरूममध्ये 'धाडस केलंत हो' असं म्हणणाऱ्या बायका माझी पाठ वळली की डोळ्यांनी एकमेकींना खुणा करायच्या. गावातल्या एका म्हातारीनं तर रस्त्यात माझी स्कूटर थांबवली, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, थुंकली आणि न बोलता निघून गेली. मी तिच्याकडेही तसंच बघितलं. मला आता ते जमायला लागलं होतं, आणि मला त्याची चटक लागली होती. मी पणजीला जाऊन पाटावर बसायला मोरपंखी साडी आणली, जरीकाठाची. दुकानदारानं विचारलं, 'वरमाय का?' मी ठासून म्हटलं, 'वधूमाय. कन्यादान करणार आहे.' तोही बघत राहिला.

हळदीसाठी अंगणात मांडव घालायला बेळगावकडची माणसं आली होती. थोरल्या घराचा खांब कुठे आणि माझ्या घराचा खांब कुठे, यावरून त्यांचीही ओढाताण झाली, कारण जाऊ एक सांगायची आणि मी दुसरं. शेवटी त्यांचा मुकादम मधोमध उभा राहून म्हणाला, 'बाई, तुम्ही दोघी आधी ठरवा, तोवर आम्ही चहा घेतो.' आम्ही ठरवलं नाही. त्यानं बिचाऱ्यानं दोन्ही ठिकाणी खांब रोवले.

हळदीच्या दिवशी सकाळी मुलगी माझ्या खोलीत आली. मी साडीला इस्त्री करत होते. ती पलंगाच्या कडेला बसली आणि बोटातली अंगठी फिरवत राहिली.

'आई, तू पाटावर बसू नको.'

मला वाटलं जावेनं पढवून पाठवली. मी इस्त्री बाजूला ठेवली. 'कोणी सांगितलं तुला? काकीनं?'

'काकी माझ्याकडे ह्या विषयावर एक शब्द बोलूक नाय.'

'मग लोक बघतील म्हणून घाबरतेस? बघू दे. मी तुझ्यासाठी देवीपर्यंत गेले.'

'तेंच तर,' ती म्हणाली. 'तू भटजींक विचारलंस. देवीक विचारलंस. माका विचारलंस?'

मला खरंच आठवेना. मी तिला साडीचा रंग विचारला होता, जेवणात खतखतं ठेवायचं की नाही ते विचारलं होतं. हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं. पण हे मी तिला म्हटलं नाही. मी म्हटलं, 'आईनं लेकीचं कन्यादान करायला लेकीला विचारायचं असतं?'

'विचारूचां असता,' ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, म्हणून मला जास्त लागलं. 'आई, ल्हानपणापासून मी तुमच्या दोगांच्या डोळ्यांमदीं जेवलंय. ती थंयसून बघायची, तू हंयसून. मी घास गिळताना बघायचंय कोणाचो चेहरो जास्त वाकडो झालो. उद्या तू पाटावर बसलंस की ती समोर बसान बघतली, आनी तू तिच्याकडे बघतलंस. माका म्हायत आसा. माझ्याकडे कोण बघतला?'

'मी बघेन.'

'तू बघूचंय नाय, आई. तू तिच्याकडेच बघतलंस.'

मला त्या वेळी तिला कानाखाली द्यावीशी वाटली, हे मी लिहून ठेवते. ज्या पोरीसाठी मी सगळ्या गावाच्या डोळ्यांत डोळे घातले, ती मला माझ्याच खोलीत बसून शिकवत होती. मी विचारलं, 'आणि काकी बसली तर? तेव्हा मी समोर असेन ना?' ती म्हणाली, 'काकी पाटावर बसली की रडतली. तिचे डोळे माका दिसूचे नाय.' एवढं बोलून ती उठली, कारण बाहेर हळद घेऊन बायका आल्या होत्या.

मी जावेकडे गेले. ती विळीवर बसली होती, नारळ खवत. मी दारातूनच सांगितलं, 'वैनी, उद्या तुम्ही दोघं बसा.' तिनं मान वर केली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिची हनुवटी वर झालेली मी बघितली, आणि ती बघायला मला जराही आवडलं नाही. 'देवीन तुका होय म्हटलेलां,' ती म्हणाली. मी म्हटलं, 'चेडवान नाय म्हटलां,' आणि परत फिरले. पोरीची भाषा माझ्या तोंडून कशी निघाली, कोण जाणे.

लग्न पेडण्याच्या एका हॉलमध्ये झालं. मी मोरपंखी साडी नेसून पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. लोक माझ्याकडे बघत होते, पण आता त्यांच्या बघण्यात दया होती, आणि ती मला रागापेक्षा वाईट वाटली. जाऊ खरंच रडली. पाणी सोडताना दिरांनी तिचं मनगट धरलं होतं. मुलीनं तिच्याकडे बघितलं, नवऱ्या मुलाकडे बघितलं, होमाकडे बघितलं. तिचा चेहरा शांत होता. इतका शांत मी तो कधी बघितला नव्हता, आणि तो तसा मी पाटावर नसल्यानं झाला होता.

पाठवणीच्या वेळी ती माझ्या पाया पडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, सुखी राहा म्हटलं, ते मनापासून म्हटलं. पण ती उभी राहून माझ्याकडे बघायला लागली तेव्हा मी गाडीला लावलेल्या झेंडूच्या माळांकडे बघत होते. एक माळ सुटली होती. मी ड्रायव्हरला ती नीट बांधायला सांगितलं.

आता ती डिचोलीला आहे, सुखात आहे. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करते. आधी काकीला करते, जनेलातून त्या दोघींच्या हसण्याचा आवाज मला इकडे ऐकू येतो. मग मला करते. मी फोन उचलते, जेवलीस का विचारते, शाळेतलं सांगते, आणि फोन मेजावर उताणा ठेवते. तिला माझ्या घराचं छत दिसतं, पंखा दिसतो.

'आई, तू दिसना,' ती म्हणते. 'तोंड दाखव मगो.'

'रेंज नाही,' मी म्हणते.